वजनकाट्याचा थांबा कुणाचा?

मोशी सोडून चाकणच्या दिशेने निघालं की सकाळी रस्त्यावर जी कोंडी होते, तिच्याबद्दल लोक वाढवून सांगतात असं मला कधीच वाटलं नाही. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. एक गृहस्थ भोसरीत आमच्या कंपनीच्या बसमध्ये चढले, तेव्हा त्यांच्या मुलीसाठी स्थळं बघणं चालू होतं. निघोज्यात उतरले, तेव्हा जावई न्यायला आला होता. दुसरा एकजण डब्यात भिजवलेली मटकी घेऊन चढला आणि उतरेपर्यंत तिला उसळीपुरते मोड आले होते. जावयाची गोष्ट थोडी ताणलेली असेल. मटकीची खरी आहे.

या कोंडीपायी कुरुळीतल्या एका ताईंची नोकरी जायची वेळ आली, आणि ती वेळ आणली आमच्या खोलीत लिहिलेल्या मूठभर ओळींच्या कोडने. कोड कुणाचा, हे विचारू नका. चांगला चालला तर माझा असतो.

निघोज्यातली आमची कंपनी गाड्यांचे वायपर बनवते. ताई त्या लाइनवर तपासणीला. त्यांच्याबद्दल कंपनीत आख्यायिका आहेत. म्हणे रबराची पट्टी नुसती बोटावर वाकवून ती कुठल्या पावसाळ्यात फाटेल ते सांगतात. मी तर म्हणतो, वाकडी पट्टी ताईंना येताना बघूनच सरळ होते. पुढच्या महिन्यापासून त्यांना लाइन लीडर करायचं ठरलं होतं. अख्ख्या लाइनवर त्या पदावर बसणारी ही पहिलीच बाई, त्यामुळे ताईंनी हलवायाकडे पेढ्यांची ऑर्डर आधीच दिलेली.

पण ताईंच्या नोकरीला घरून एक अट होती, आणि ती घातली होती सासूबाईंनी. बस गावातून नेणार असेल आणि गावातच सोडणार असेल, तरच जायचं. बस थांबायची वजनकाट्याशी, म्हणजे जिथे ट्रक मालासकट चढवून तोलतात तिथे. काटा ताईंच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. पहिल्या शिफ्टला सून बसमध्ये चढताना सासूबाई ओट्यावरून बघायच्या, आणि मगच चहाला तोंड लावायच्या. काट्याचा थांबा गेला तर पुढच्या थांब्यापर्यंत पहाटेच्या अंधारात, हायवेच्या कडेने, ट्रेलरांना चुकवत चालत जायचं. ते सासूबाईच काय, आमचे सिक्युरिटीचे काकासुद्धा मान्य करणार नाहीत, आणि ते निवृत्त फौजी आहेत. थोडक्यात, बस बंद तर नोकरी बंद.

हे सगळं मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आमचीही बस त्याच काट्याशी थांबते खरी, पण मी भोसरीत डोळे मिटतो ते निघोज्यातच उघडतो. मधली गावं माझ्यासाठी फक्त घोरण्याच्या चढत्या पट्ट्या.

तर बसेस उशिरा यायला लागल्या, लाइन उशिरा सुरू व्हायला लागल्या, आणि ॲडमिनच्या साहेबांनी बैठक बोलावली. बस, कॅन्टीन, गणवेश, गेटसमोरची बाग, सगळं या साहेबांच्या ताब्यात. माणूस मनाने चांगला, पण छापील कागदाशिवाय कशावर विश्वास नाही. 'साहेब, बाहेर ऊन पडलंय' असं सांगितलं तर विचारणार, 'रिपोर्ट आहे?'

साहेब म्हणाले, "वाटेत थांबे फार झालेत. तीन कमी करायचे. बसच्या ठेकेदाराला मी शब्द दिलाय. कुठले फुकटचे आहेत ते सिस्टीमला विचारा."

सिस्टीमला विचारा म्हणजे मला आणि सौदागरला विचारा. सौदागर म्हणजे माझ्या शेजारच्या खुर्चीवरचा इंजिनिअर. पिंपळे सौदागरला राहतो म्हणून कंपनीने त्याचं बारसं परस्पर उरकलं. त्याच्या सोसायटीत इतक्या इमारती आहेत की पाहुण्याला योग्य दार सापडेपर्यंत त्याने आणलेली कच्ची केळी पिकतात.

"सोप्पंय," मी म्हटलं. "कुठल्या थांब्यावर किती माणसं चढतात ते मोजायचं."

"मोजतो की. माणसांचा थांबा कुठल्या टेबलात लिहिलाय?"

इथेच घोडं अडलं. आमचा डेटाबेस म्हणजे एका प्रोग्रॅमरने बांधलेलं घर नव्हे. दर दोन-तीन वर्षांनी नवा माणूस येतो, आधीच्याला नावं ठेवतो, स्वतःची चार टेबलं, म्हणजे माहितीचे तक्ते, वाढवतो आणि हिंजवडीला आयटीत जास्त पगारावर निघून जातो. त्यामुळे आत माहितीची इतकी टेबलं झालीत की काही टेबलांना स्वतःलाच आपण कशासाठी जन्मलो ते आठवत नाही. एकाचं नाव 'नवीन'. एकाचं 'खरंनवीन'. एक आहे 'हातलावूनका', आणि ते इतकं जुनं की लावायची कुणाची छातीही होत नाही. कर्मचाऱ्यांच्या टेबलात शोधलं, तर 'थांबा' नावाचा रकानाच नाही. कुणीतरी वेगळ्याच नावाने, वेगळ्याच टेबलात तो लिहिलेला. शोधायचा कसा?

तर डेटाबेसलाच विचारून. वाचणाऱ्यांपैकी ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही, त्यांच्यासाठी आमच्या चिंचवडच्या बिल्डिंगचं उदाहरण देतो. आमच्याकडे प्रत्येक घराची एक जादा किल्ली शेजाऱ्यांच्या खुंटीवर असते. म्हणजे कुणाच्या खुंटीवर कुणाची किल्ली आहे हे कळलं, की अख्ख्या बिल्डिंगमधली नाती कळली. टेबलांचंही तसंच. प्रत्येक टेबलाची स्वतःची एक किल्ली असते. दुसऱ्या टेबलाने ती आपल्या खुंटीवर टांगली की तिला म्हणतात फॉरेन की. कर्मचारी कुठल्या थांब्यावर चढतो हे लिहायचं, तर थांब्याची किल्ली कर्मचाऱ्याच्या खुंटीवर हवी. आणि रकान्याचं नाव कुणी काहीही ठेवो, कुणाची किल्ली कुठे टांगली आहे याची नोंद डेटाबेस स्वतःजवळ ठेवतो. कोडमधून विचारलं की निमूट सांगतो. बायकोसुद्धा इतकं निमूट सांगत नाही.

विचारायच्या मात्र दोन तऱ्हा. एक आज्ञा विचारते, या टेबलाच्या खुंटीवर कुणाकुणाच्या किल्ल्या आहेत? दुसरी विचारते, या टेबलाची किल्ली कुणाकुणाच्या खुंटीवर आहे? इंग्रजीत एकीच्या नावात आयात, दुसरीच्या नावात निर्यात. बाकी दोघी जुळ्या बहिणी.

सौदागरने दोन्ही पडद्यावर ठेवल्या आणि डोकं खाजवलं. "यातली कुठली लावू?"

माझा या प्रकरणातला सहभाग चहापुरता होता, हे इथे स्पष्ट करतो. कप हातात होता, तोंड मोकळं होतं, म्हणून बोललो. "राव, यात विचार कसला करायचा? तुझ्याकडे कुणी पाहुणा आला तर पहिला प्रश्न काय?"

"पाणी घेणार का?"

"ते पिंपळे सौदागरात. गावाकडे?"

"कुणाचे तुम्ही?"

"मग थांब्यालाही तेच विचार! कुणाचा रे तू?"

आता यात माझं काय चुकलं सांगा. आपल्याकडे हीच रीत आहे. लग्नाच्या मांडवात अनोळखी म्हातारा शेजारी बसला की दोन मिनिटांत विचारतो, गाव कुठलं, कुणाचे तुम्ही, वरच्या आळीतले का खालच्या? सोयरीक जमवताना माणूस राहतो बाजूला आणि वरच्या पिढ्यांची चौकशी आधी होते. खाली त्याच्या जिवावर कितीजण जेवतात, हे कुणी विचारलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

सौदागरने पहिली आज्ञा लावली. उत्तर आलं एका ओळीत. थांब्याच्या खुंटीवर फक्त एक किल्ली, मार्गाच्या टेबलाची. हा थांबा अमुक मार्गाचा, बस्स.

"एवढंच?" सौदागर म्हणाला.

"सरळमार्गी टेबल आहे. एकालाच ओळखतं," मी म्हटलं.

माणसांचा पत्ताच नव्हता, म्हणून मग मार्गच बघितले. ज्या थांब्यांच्या पुढे मार्गच लिहिलेला नाही, ते निघाले तीन. पहिला जुन्या जकात नाक्याचा. दुसरा बंद पडलेल्या पेट्रोल पंपाचा. तिसऱ्याचं नाव नुसतं 'काटा'. पहिल्या दोन ठिकाणी कुत्रंही थांबत नाही हे आम्हाला माहीत होतं. त्यामुळे तिसराही त्याच खानदानातला, असं समजून आम्ही मोकळे झालो. तीन मागितले होते, तीन निघाले. एवढा जुळलेला हिशेब आमच्या डेटाबेसमधून आजवर कधी निघाला नव्हता, खरं तर तिथेच शंका यायला हवी होती. सौदागरने रिपोर्टला लाल मथळा दिला, 'बेवारस थांबे'. साहेबांना तो रंग इतका आवडला की त्यांनी स्वतः टाचण्या लावून कागद फलकावर चढवला. एक तारखेपासून तिन्ही थांबे बंद, तिन्ही शिफ्टला.

दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट सुटल्यावर आमच्या खोलीचं दार उघडलं. ते ठोठावलं गेलं नाही. ताई आत आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"काय ओ कंप्युटर सर, आमचा काटा बेवारस केला म्हनं तुमी?"

"मी नाही ताई. सिस्टीमने."

"कुटं ऱ्हाती ही सिस्टीम? तिला म्हनावं, ये एकदा पहाटं काट्यावर. चा पाजते, नि रांग दावते."

सौदागर मदतीला धावला. "ताई, तो थांबा कुठल्याच मार्गावर नाहीये."

"मार्गावर न्हाई? मग बस काय उडत येती व्हय रे भावा? चाकनकडनं येनारी बी थितंच थांबती, भोसरीकडनं येनारी बी थितंच वळती. दोन दोन बशी हायेत काट्याला!"

दोन बसेस! तेव्हा आमच्या डोक्यात उजेड पडला. थांबा दोन मार्गांचा, आणि टेबलात मार्ग लिहायला जागा एकच. भरणाऱ्याने विचार केला असणार, याचं नाव लिहावं तर त्याला राग, त्याचं लिहावं तर याला. म्हणून जागा कोरी सोडून तो हिंजवडीला निघून गेला. दोन घरांचा लाडका, म्हणून कागदावर बेवारस.

"घरी कळलं?" मी विचारलं.

"गावात बातमी बशीच्या आदी पोचती सर. काल सांजच्याला सासूबाई म्हनल्या, एक तारखेपासनं घरी बसायचं. शेरडं हायती की बघायला."

"आणि लाइन लीडरचं?"

"शेरडांची हुते की लीडर. त्यांची बी लाइनच असती." हे बोलून त्या हसल्या, पण ते हसू चेहऱ्यावर फार वेळ टिकलं नाही. टेबलाची कड बोटाने तपासत म्हणाल्या, "पेढ्यांचं सांगून ठेवलंया म्या. तो हलवाई लई वंगाळ हाय, ऑर्डर माघारी घेत न्हाई."

ताई गेल्यावर आम्ही दोघं थोडा वेळ प्रिंटरकडे बघत बसलो. तो न अडकता चालू होता, म्हणजे दिवस खरोखरच वाईट होता.

साहेबांकडे गेलो. सांगितलं की काट्यावर माणसं उभी असतात.

"असतील," साहेब म्हणाले. "माणसं काय, कुठेही उभी राहतात. रिपोर्ट आहे?"

"साहेब, आमचा रिपोर्ट चुकला असावा."

"असावा म्हणजे? लाल अक्षरात आहे तो!" मग जरा मऊ झाले. "हे बघा, शनिवारी ठेकेदार सहीला येतोय. त्याच्या आत सिस्टीमने उलटं सांगितलं तर मी उलटं मानीन. तोंडी चालणार नाही. आणि तीन म्हणजे तीन. एक वाचवायचा असेल तर एक द्यावा लागेल."

आम्ही कोड वरून खाली वाचला, खालून वर वाचला. सौदागरने लॅपटॉप बंद करून चालू केला, मग खोलीतला पंखा बंद करून चालू केला. मी म्हटलं, खंडेनवमीला याला झेंडूचा हार घातला होता का? तो म्हणाला, घातला होता, दोन. म्हणजे देवाकडून काही बाकी नव्हतं. कोड चालत होता, चूक दाखवत नव्हता, आणि उत्तर तेच देत होता. जे कोड बंद पडतात ते बिचारे प्रामाणिक असतात. ठणठणीत चालून चुकीचं सांगणारे माणसाचं रक्त पितात.

त्या संध्याकाळी मी घरी पोचलो आणि खिशात किल्ली नाही. सकाळी आतच राहिली होती. बायको अजून यायची होती. समोरच्या काकूंची बेल वाजवली. त्यांनी खुंटीवरून आमची जादा किल्ली काढून दिली. लावली. फिरेना. काकूंनी लावली. फिरेना. काकूंनी किल्लीला खोबरेल लावलं, दाराला दोन शब्द सुनावले. दार ढिम्म. मग मला आठवलं, गेल्याच महिन्यात मी कुलूप बदललं होतं.

"बदललंत?" काकू म्हणाल्या. "आणि मी इतके दिवस हा लोखंडाचा तुकडा सांभाळत बसले?"

बायकोला फोन केला. तिने आधी नीट ऐकून घेतलं. हे कधीच चांगलं लक्षण नसतं. मग म्हणाली, "जुनी किल्ली काकूंकडे होती, वरच्या मजल्यावर होती आणि इस्त्रीवाल्यांकडे होती. कुलूप बदललंस तेव्हा नवी कुणाकुणाला दिलीस?"

"मी बघितलं होतं ना," मी म्हटलं. "कुलूप बदलताना आपल्या खुंटीवर नीट बघितलं मी. तिथे फक्त काकूंची किल्ली होती. तिला काही धक्का लागत नव्हता, म्हणून..."

आणि माझं वाक्य तिथेच बसलं. माझं कुलूप बदललं तर माझ्या खुंटीवरच्या किल्ल्यांना काय होणार? ज्यांच्या खुंटीवर माझी किल्ली आहे, त्यांच्याकडच्या किल्लीचा लोखंडाचा तुकडा होतो. थांबा काढला तर थांब्याच्या खुंटीवर काय आहे ते बघून काय उपयोग? थांब्याची किल्ली कुणाकुणाकडे आहे ते बघायचं!

"हॅलो? बोल ना," बायको म्हणाली.

"तू ग्रेट आहेस," मी म्हटलं आणि फोन ठेवला. हे असं ऐकायची तिला सवय नसल्यामुळे ती घाबरून रिक्षा करून घरी आली, हे नंतर कळलं.

जिन्यातच बसून सौदागरला फोन लावला. "अरे, आयात नको! निर्यात!"

"राव, तुम्ही एक्सपोर्टचा धंदा कधी काढला?"

"दुसरी आज्ञा लाव! जुळ्या बहिणींतली दुसरी! थांब्याची किल्ली कुणाच्या खुंटीवर आहे ते विचार!"

मग सौदागरचा आवाज आला, अगदी बारीक. "आपण थांब्याला त्याचा बाप विचारत बसलो होतो. पोरं विचारायला हवी होती."

शुक्रवारी कंपनीत जाऊन त्याने एक शब्द बदलला. एकच. बाकी कोड जसाच्या तसा. आज्ञा दिली आणि काय सांगू, पडदा भरून वाहायला लागला. दोन-तीन दिवसांपूर्वी जे टेबल एकालाच ओळखत होतं, त्याची किल्ली निम्म्या डेटाबेसच्या खुंटीला लटकत होती. कायम कर्मचाऱ्यांकडे होती, तिथे रकान्याचं नाव होतं 'ठिकाण'. कंत्राटी कामगारांकडे होती, तिथे नाव 'कुठून'. ट्रेनींकडे होती. रेनकोट वाटपाच्या टेबलाकडे होती. दिवाळीच्या मिठाईचे बॉक्स कुठल्या थांब्यावर उतरवायचे, त्या टेबलाकडेही होती. आणि 'हातलावूनका' या टेबलात होती महिलांना घरापर्यंत सोडायची यादी. म्हणजे त्याला हात न लावायला सांगणारा प्रोग्रॅमर आम्हाला वाटला होता तेवढा येडा नव्हता.

मग प्रत्येक टेबलात शिरून थांब्यागणिक माणसं मोजली. एवढ्यात पहिली शिफ्ट सुटली आणि ताई आल्या, सौदागरच्या मागे उभ्या राहिल्या. पडद्यावर ओळी उतरत होत्या. जकात नाका, शून्य. पेट्रोल पंप, शून्य. आणि काटा आल्यावर नावं सुरू झाली ती थांबेचनात. सौदागर खाली सरकवतोय, सरकवतोय. मी खिडकीतून बाहेर बघून आलो, एक कप चहा पिऊन आलो, ती आपली चालूच. कुरुळीत एवढी माणसं राहतात हे कुरुळीलाही माहीत नसेल. सगळ्या मार्गांवरच्या सगळ्या थांब्यांत सर्वांत मोठा थांबा, आमचा बेवारस काटा.

ताईंनी पडद्याला बोट लावलं. "ही मी. ही माजी जाऊ. ही शेजारची. अगं बया, हिचं नाव बी हाय? ही तर मागल्या वर्सी सोडून गेली!"

"ती काढतो," सौदागर म्हणाला.

"नगं, ऱ्हाऊ द्या. परत येईल ती. नवरा रिकामटेकडा हाय तिचा."

साहेबांना आता छापील उत्तर मिळणार होतं. पण तीन म्हणजे तीन. काटा वाचला तर त्याच्या जागी एक द्यायचा होता, म्हणून सौदागरने यादी उलटी केली, कमी माणसांचा थांबा वर. दोन शून्यांच्या खाली तिसरी ओळ आली. गिरणीचा थांबा, चिंचवड. माणसं, एक.

मी प्रिंटरमधले कागद नीट करायला लागलो.

"हा एक मानूस कोन म्हनायचा?" ताईंनी विचारलं.

"असेल कुणी बिचारा," मी म्हटलं. "म्हातारा असेल. गुडघे दुखत असतील."

"चिंचवडात पिठाच्या गिरणीच्या वर तुम्हीच राहता ना?" सौदागर म्हणाला.

तर झालं होतं असं. बस चालवणाऱ्या काकांच्या मुलीचा कॉलेज प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज मी एकदा भरून दिला होता. काका भला माणूस. म्हणाले, साहेब, तुम्ही चौकापर्यंत कशाला येता, मी गिरणीशी ब्रेक मारतो. मी नको नको म्हटलं, बहुधा मनातल्या मनात. पुढे तो ब्रेक रीतसर सिस्टीममध्ये गेला. त्याला मार्ग होता, क्रमांक होता, सगळी कागदपत्रं स्वच्छ. वरच्या बाजूने एवढा खानदानी थांबा दुसरा नव्हता.

"सौदागर," मी हळूच म्हटलं, "यादी नावाच्या क्रमाने लावली तर? वाचायला सोपी जाते."

"आणि फक्त पहिलं पान छापू?"

"तू समजदार आहेस."

ताई हाताची घडी घालून माझ्याकडे बघत राहिल्या, लाइनवर पट्टीकडे बघतात तसं. वाकडी पट्टी त्यांना बघून सरळ होते असं मी मघाशी म्हटलं, ते तुम्हाला अतिशयोक्ती वाटलं असेल.

"छाप बाबा," मी म्हटलं. "आहे तशी छाप."

शनिवारी साहेबांनी रिपोर्ट हातात घेतला. या वेळी मथळा हिरवा होता. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. "काटा राहणार," म्हणाले. मग तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं. "आणि हा गिरणीचा?"

"साहेब, कंपनीच्या हितासाठी मी स्वतःहून सुचवतोय," मी म्हटलं. त्या दिवसापासून कंपनीत माझ्या त्यागाची गोष्ट सांगितली जाते. बहुतेक वेळा मीच सांगतो.

एक तारखेला ताई लाइन लीडर झाल्या. पेढे आमच्या खोलीत आले तेव्हा त्यांनी आधी कंप्युटरपुढे एक ठेवला आणि म्हणाल्या, "घे गं सिस्टीमबाई, उशिरा का हुईना, शानी झालीस." सासूबाईंचा निरोपही होता. त्यांचा पहाटेचा चहा वेळेवर चालू आहे. मार्गाची ती कोरी जागा भरायला आम्ही बसलो होतो, पण एका जागेत दोन मार्ग कसे लिहायचे यावर सौदागरचं आणि माझं भांडण झालं, आणि ती अजून कोरीच आहे. चारचौघांसारखं नवं टेबल काढायला हवं. नाव 'खरंखरंनवीन' ठेवावं म्हणतो.

मी हल्ली चौकापर्यंत चालत जातो. बसवाले काका आता गिरणीशी थांबू शकत नाहीत, पण माणूस भला, जुनं विसरत नाही. तिथून जाताना लांबलचक हॉर्न मारतात. तो ऐकून अख्खी बिल्डिंग जागी होते, आणि काकू नवी किल्ली हातात घेऊन गॅलरीतून ओरडतात, "अहो, दार लावू का तुमचं? बस गेली!" आणि मी एका हातात डबा, दुसऱ्या हातात बूट घेऊन चौकाच्या दिशेने असा काही पळतो की चौकात थांबलो नाही, तर कोंडीतल्या बसच्या आधी निघोज्यात पोचेन.